स्विचमध्ये हात कोणी घातला?

मा. संपादक,

पुण्यातल्या पतसंस्था, रुग्णालये, भोसरी-चाकणचे कारखाने बाहेरचे हल्ले अडवणाऱ्या फायरवॉलवर हात सैल सोडून खर्च करतात. पण नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे उपकरणांच्या सेटिंगमध्ये, कोणी बदल केला तर कळवण्याची सोय बहुतेक उपकरणांत आधीच असते. ती नीट लावायचे मात्र राहून जाते.

सिस्कोच्या स्विचवर (संगणक नेटवर्कला जोडणारे उपकरण) कोणी कॉन्फिगरेशन मोडमधून बाहेर पडले की ‘कॉन्फिगर्ड फ्रॉम’ असा सिसलॉग (उपकरणाच्या नोंदींचा) संदेश निघतो. त्याची पातळी ५; आकडा जितका मोठा तितका संदेश कमी गंभीर. लॉगमध्ये गर्दी नको म्हणून ‘लॉगिंग ट्रॅप’ (कोणत्या पातळीपर्यंतचे संदेश सर्व्हरला पाठवायचे ती मर्यादा) ४ वर ठेवला, की नेमका हाच संदेश गाळला जातो. तो ५ किंवा ६ वर हवा. शिवाय नुसते आत जाऊन बाहेर आले तरी हा संदेश येतो, आणि काय बदलले ते सांगत नाही. त्यासाठी ‘आर्काइव्ह’खालच्या ‘लॉग कॉन्फिग’मध्ये ‘लॉगिंग एनेबल’ (बदलांची नोंद ठेवा), ‘नोटिफाय सिसलॉग’ (ती सिसलॉगने कळवा) आणि ‘हाइडकीज’ (पासवर्ड झाका) या तीन ओळी घालाव्यात. तिसरी विसरली तर पासवर्डच लॉगमध्ये उघडे पडतात!

एवढ्यावरही विसंबू नये. सिसलॉग सहसा यूडीपी ५१४ वरून, म्हणजे पोचपावती नसलेल्या मार्गाने, जातो. पॅकेट हरवले तर पुन्हा येत नाही. त्यातून बदल करणाऱ्याने अपलिंकच (स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन) पाडली, तर अलर्ट निघणार कुठून? म्हणून ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड या सॉफ्टवेअरने दर तासाला कॉन्फिगरेशन उतरवून आधीच्या प्रतीशी ताडावे. दोन्ही मोफत आहेत. सिस्कोच्या जुन्या आयओएस या प्रणालीतली ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ ही घड्याळाची ओळ आपोआप बदलते, ती तुलनेतून वगळावी. नाहीतर रोजच्या खोट्या अलर्टना कंटाळून लोक आठवड्यात ते म्यूट करतात.

रनिंग (सध्या चालू असलेले) आणि स्टार्टअप (सेव्ह केलेले, स्विच सुरू होताना वाचले जाणारे) कॉन्फिगरेशनही ताडावे. बदल करून सेव्ह केला नाही, गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, यूपीएसही संपला, की स्विच जुन्याच कॉन्फिगरेशनवर उठतो आणि सगळे केबल तपासत बसतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवायची आहेत. पण पाच जण एकाच ‘अॅडमिन’ खात्याने शिरत असतील, तर त्या लॉगमधून काय कळणार? टॅकॅक्स प्लसवर (लॉगिन तपासण्याची मध्यवर्ती व्यवस्था) प्रत्येकाचे वेगळे खाते काढावे, आणि अलर्ट बदल करणाऱ्या व्हेंडरखेरीज संस्थेतल्या एका माणसाकडेही जावा.

— एक नेटवर्क अभियंता, कोथरूड, पुणे