नांदेडकरांच्या वीकेंड खरेदीला हैदराबाद का सुचत नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या पुरवणीत वीकेंडला फॅशन शॉपिंगसाठी कुठल्या शहरात जावं यावर पूर्ण पानभर लेख आला होता, आमच्या घरात नणंदेचं लग्न ठरलंय त्यामुळं मी अन् ती दोघींनी मिळून तो वाचला. फोटो छान होते, मुंबई, पुणे, दिल्ली, सुरत सगळं होतं. पण वाचून झाल्यावर आम्ही एकमेकींकडं बघतच राहिलो, कारण नांदेड, हिंगोली, परभणी, लातूरच्या माणसाला त्यातलं दोन दिवसांत काहीच जमण्यासारखं नव्हतं. आम्ही शुक्रवारी काम संपल्यावर निघणार अन् सोमवारी सकाळी परत कामावर, ह्यात जे बसतं तेच आमच्यासाठी वीकेंडचं शहर, असं मला वाटतं अन् तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायलेय.

माझं म्हणणं सरळ आहे. शहर निवडायचं ते प्रत्यक्ष दुकानात उभं राहायला किती तास मिळतात त्यावरनं. अन् हा हिशोब लावला की नांदेड-परभणी-लातूर पट्ट्याला पहिलं नाव हैदराबादचं येतं, ज्याचा तुमच्या पानावर उल्लेखसुद्धा नव्हता.

मुंबईचंच बघा ना. नांदेडहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास. तपोवननं गेलं तर ती दिवसभर चालते, म्हणजे शनिवार गाडीतच संपला. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासनं नांदेडहून सुटायली, लई चांगली सोय झाली, पण ती पहाटे निघून दुपारी मुंबईत पोचते अन् परतीची गाडी दुपारीच सुटते, तर शनिवारी गेलेल्या माणसाला संध्याकाळ अन् दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढंच मिळतं. शुक्रवारची देवगिरी पकडली तर शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरता येतं खरं, पण मग कपड्यांचं मुख्य मार्केट म्हणजे मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट, हे रविवारी बंद! ड्रेस मटेरियल, शर्टिंग, अस्तर, लेस, जे स्वस्तात घ्यायला माणूस एवढ्या लांब जातो ते सगळं एका शनिवारी उरकायचं, तेही रात्रभर गाडीत अर्धवट झोपून. रविवारला मग लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे. कॉलेजच्या पोरींना टॉप, चपला, बॅगा घ्यायला ते मस्तच आहे, त्यात वाद नाही, पण लग्नाचा बस्ता तिथं बांधता येत नाही. लेखात हे एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं, कारण रविवारी बंद शटर बघून परत येणारी आमच्याकडची किती तरी माणसं मला माहीत आहेत.

पुणे त्यापेक्षा बरं, लक्ष्मी रोड, तुळशीबाग, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट हे सगळं एकमेकांपासून फार लांब नाही. पण नांदेडहून साडेचारशे किलोमीटर आहे हो ते. लातूर-धाराशिवच्या लोकांना चालतं, त्यांची निम्मी पोरं तिकडंच शिकायला असतात, राहायची सोय होते. आम्हाला ट्रॅव्हल्सची रात्रभराची दणदण.

आता हैदराबाद. नांदेडहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, निजामाबादमार्गे रेल्वे आहे, एसटी आहे, खासगी बसेस आहेत. शुक्रवारी रात्री बसलं की शनिवारी उजाडताना तिकडं. लातूर-उदगीरच्या लोकांना बिदरवरनं रस्ता आहे. आंघोळ, नाष्टा उरकून दुकानं उघडायच्या वेळेला आपण दारात हजर, अन् रविवारी संध्याकाळी उशिरा निघालं तरी सोमवारी कामाला घरी. पूर्ण दोन दिवस हातात मिळतात, दोन!

शिवाय ते शहर आम्हाला परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कोर्टकचेरी, कॉलेज, दवाखाना सगळ्यासाठी आमचे आजे-पणजे तिकडंच जायचे, अन् लग्नाचा कपडाही तिकडनंच यायचा. सुलतान बाजार, काचीगुडा भागात जुनी मराठी घरं आहेत, मराठी माणसांनी उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा आहे. दखनी बोली आमच्या कानावर लहानपणापासनंच असते, त्यामुळं भाव करताना अडत नाही. राज्याची सीमा मधी आली म्हणून मराठी पेपरनं ते शहर यादीतनं गाळावं हे काही मला पटत नाही.

खरेदीचं म्हणाल तर सांगायला खूप आहे. चारमिनार १५९१ सालचा, त्याच्या बुडाशीच लाड बाजार, तिथल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. लाख निखाऱ्यावर मऊ करून तिची वळी लाटतात, गोल करतात अन् गरम असतानाच एक एक खडा बसवतात, काही दुकानांत हे काम समोर चालू असतं ते जरूर बघा, पोरांना दाखवा. साडीचा किंवा ब्लाउजचा तुकडा सोबत नेला तर नेमक्या त्याच रंगाचा जोड मिळतो, नुसत्या मोबाईलमधल्या फोटोवर जाऊ नका, फोटोत रंग कधीच बरोबर येत नाही. तिथनं चालत पत्थरगट्टीला आलं की मोती, लग्नाचा जरीचा कपडा, शेरवानीचं कापड. नवरदेवाची शेरवानी शिवायची असेल तर बिदरी कामाची बटणं तिथं मिळतात, काळ्या धातूवर चांदीची नक्षी, शेरवानीवर ती जेवढी शोभतात तेवढं दुसरं काही शोभत नाही असं माझं मत आहे. रविवारी लाड बाजार चालू असतो अन् रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो, मुंबईवाली अडचण इथं नाही. रमजानच्या महिन्यात मात्र संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते, लहान लेकरं सोबत असतील तर त्या दिवसांत सकाळीच जा.

साड्यांचं तर विचारूच नका. आपल्या बायकांना आवडणारी नारायणपेठ ही मुळात तिकडचीच, तेलंगणातल्या नारायणपेटची, चौकडी अन् काठाची, नेसायला हलकी. गदवालचं अंग सुती अन् काठ-पदर रेशमी, उन्हाळ्यातल्या लग्नाला मे महिन्यात आपल्याकडं जे ऊन असतं त्यात ही साडी नेसून माणूस दिवसभर उभं राहू शकतं. पोचमपल्लीची इकत म्हणजे विणायच्या आधीच सूत बांधून बांधून रंगवतात, मग मागावर नक्षी उमटते, म्हणून तिच्या रेघांच्या कडा थोड्या पसरल्यासारख्या दिसतात. छापलेली नकली इकत ओळखायची असेल तर साडी उलटी करून बघा, खऱ्या इकतमध्ये रंग दोन्ही बाजूंनी सारखाच असतो अन् छापील साडी मागून फिकी पडते. ते पोचमपल्ली हैदराबादहून पन्नासेक किलोमीटरच्या आतच आहे, विनोबांची भूदान चळवळ १९५१ साली तिथंच सुरू झाली म्हणून गावाला भूदान पोचमपल्लीच म्हणतात. ज्याला विणकराच्या घरून घ्यायचंय त्यानं रविवारची सकाळ तिकडं द्यावी.

रोजच्या वापराचे कुर्ते, जीन्स, पोरांचे कपडे यासाठी कोटी, सुलतान बाजार, अबिड्स हे भाग. सुलतान बाजारला मेट्रोचं स्टेशन आहे, चारमिनारपर्यंत मेट्रो जात नाही पण एमजीबीएसला म्हणजे महात्मा गांधी बस स्टेशनला उतरून रिक्षानं जाता येतं, गाडी घेऊन जुन्या शहरात मात्र शिरू नका, पार्किंगमध्येच अर्धा दिवस जातो.

एक गोष्ट अनुभवानं सांगते, जे अंगाला बसवून घ्यायचंय ते शनिवारी सकाळी पहिलं घ्या. लेहंगा, शेरवानी, घागरा, हे घेऊन तिथंच माप द्यायचं म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत फिटिंग करून मिळतं. लोक पहिला दिवस बांगड्या अन् भेटवस्तूत घालवतात आणि मोठा कपडा रविवारी दुपारी घेतात, मग तो तसाच ढगळा घरी येतो अन् इथला टेलर जरीकामाला हात लावायला तयार होत नाही. साडीचं पिको-फॉल, ब्लाउज हे मात्र आपल्या गावातच करा, तिकडं वेळ घालवायची गरज नाही.

हैदराबादच सगळ्यांनी गाठावं असं मी म्हणत नाही. पैठणी घ्यायची असेल तर पैठण सोडून हैदराबादला जायचं कशाला? जालना, बीडच्या लोकांना तर संभाजीनगर एका दिवसाचं काम आहे, गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा फिरायचं अन् दुसऱ्या दिवशी पैठणला मागावर साडी विणताना बघायची. पैठणीला २०१० सालापासनं जीआय आहे. पदर उलटा करून बघायचा, हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, आसावली मागच्या बाजूनंही तेवढ्याच साफ दिसतात, मशीनच्या साडीत मागं कापलेल्या धाग्यांची लव असते. शुद्ध रेशमाचं सिल्क मार्कचं लेबल मागा. दुकानदार हसला तरी मागा. अन् तिथली हिमरू शाल, सूत अन् रेशीम मिळून विणलेली, हिचे माग आता थोडकेच राहिलेत, घरच्या लग्नात आहेर म्हणून ब्लँकेट देण्यापेक्षा एखादी हिमरू द्यावी असं मला फार वाटतं. तुळजापूर-धाराशिवकडच्यांना सोलापूर जवळ पडतं, चादरी-टॉवेल अन् घरच्यांचे साधे कपडे तिथंच घ्यावेत.

परगावी खरेदीला लोक भितात ते बिघडलेला माल परत कोण घेणार म्हणून. आमच्याच नात्यात एकीनं दुसऱ्या शहरातनं आणलेला ड्रेस पहिल्या धुण्यात सगळा रंग सोडून बसला, दुकानदारानं फोनवर सांगितलं की विकलेला माल परत नाही, अन् तिनं तो गप कपाटात टाकला, पुन्हा कधी बाहेरून काही घेतलं नाही. हे तुम्ही मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, अन् सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. नुसतं आवडलं नाही म्हणून परत करता येत नाही, माल खराब पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान हैदराबादचं असलं तरी तारखेला नांदेडलाच जायचं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. पण ह्या सगळ्याला पक्कं बिल लागतं, कच्च्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे वाचवायला गेलं की हक्क सांगायला हातात काहीच राहात नाही.

टॅक्सचंही तसंच, "तिकडं टॅक्स कमी लागतो" असं बरेच जण सांगतात ते खोटं आहे, जीएसटी देशभर एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासनं २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के अन् त्याच्या वर १८ टक्के, हे प्रत्येक नगाला वेगळं लागतं. त्यामुळं २६००, २७०० चा ड्रेस घेताना भाव थोडा तुटला तर टॅक्सही खाली येतो, हे डोक्यात ठेवून बोलायचं. अन् सांगितलेला भाव टॅक्स धरून की वेगळा, हे आधी विचारायचं.

तर साहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा ते जिल्ह्याप्रमाणं काढा. नांदेडहून कुठं, बीडहून कुठं, धाराशिवहून कुठं, शुक्रवारी रात्रीची कोणती गाडी अन् रविवारची परतीची कोणती, कुठला बाजार कोणत्या वारी बंद, एवढी माहिती दिली तरी लोक पान कापून ठेवतील. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडं लग्नसराई सुरू होते अन् बस्ते त्याच्या आधीच बांधले जातात, तेव्हा दिवाळीच्या आत छापलं तर उपयोग होईल. हैदराबादच्या पानाला माहिती लागली तर मी अन् नणंद दोघी मिळून लिहून देऊ.

आपली वाचक,
एक गृहिणी, नांदेड