काकू, खांदा बसला एकदाचा!

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काहीतरीच तुझं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सरळ लिहूनच टाकतेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखं डोकं चालवून चांगल्या कापडाची वाट लावणारे अजून बरेच असणार याची मला खात्री आहे.

झालं काय होतं, जॅकेट शिवायला पॅटर्न (तुकडे बेतायचा तयार कागदी नमुना) आणला, पाकिटामागचा मापांचा तक्ता बघितला, माझी छाती 38 इंच, तक्त्यात 38 च्या खाली साइझ 16. इथपर्यंत ठीक होतं. पण मी म्हटलं जॅकेट आहे, आत स्वेटर येणार, कापड जाड, आपण एकदम 18 च कापू, मोठं झालं तर आत घेता येतं, लहान झालं तर बोंबला. आणि कापलं की हो! तो हिरवा लोकरी कपडा, जो मी वर्षभर कपाटात नुसता हात फिरवून परत ठेवत होते.

शिवून अंगात घातलं तर खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली, कॉलर मानेपासून सुटलेली, आणि हात वर केला की अख्खं जॅकेट हाताबरोबर वर. बाजूच्या शिलाया दोनदा आत घेतल्या तरी खांदा जिथे होता तिथेच, उलट आता पोटाशी आवळलेलं आणि वर पोतं. रडायचीच बाकी होते. ते जॅकेट पिशवीत कोंबून तुमच्याकडे खाली आले तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल टाकून दे.

तुम्ही जॅकेटकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलंत, माप कुठलं घेतलंस? मी म्हटलं छातीचं. "कुठली छाती?" मला तर प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही टेप घेऊन काखेतून वर, छातीच्या उभाराच्या वरून आणि मागे पाठीवर उंच असा फिरवलात, हात खाली सोडायला लावलेत, 34 आलं. पूर्ण छाती 38, वरची 34, फरक 4 इंचाचा. आणि हा पॅटर्न 2 इंच फरक धरून काढलेला, ते आतल्या माहितीच्या कागदावर चक्क छापलेलं होतं, मी तो कागद घडीसुद्धा न उघडता ठेवून दिला होता. म्हणजे 34 अधिक 2, 36, साइझ 14. अठरा कापलेल्या बाईला चौदा! मी दोनदा विचारलं, नक्की ना.

तुमचं म्हणणं असं की साइझ खांद्यासाठी निवडायचा, बाकीचं नंतर बघता येतं. छाती वाढवता येते, कंबर-सीट कमीजास्त करता येते, पण खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायचा काखेभोवतीचा घेर) एकमेकांत असे अडकलेले असतात की एकाला हात लावला की तिन्ही बिघडतात, त्यात जॅकेटला कॉलर, अस्तर, खांद्याचं पॅड, म्हणजे उसवणं आलंच. हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? सगळे नुसतं छाती मोज, छाती मोज.

दुसरी गोष्ट जी ऐकून मी कपाळावर हात मारला ती म्हणजे लूज, अंगाच्या मापापेक्षा कपड्यात जास्त ठेवलेला मोकळेपणा. तक्त्यातलं 36 हे अंगाचं माप, जॅकेटचं नाही. जॅकेटचा लूज पॅटर्न काढणाऱ्याने आधीच धरलेला असतो आणि मी वरून अजून एक साइझ चढवून तोच लूज दुसऱ्यांदा दिला होता. तुम्ही पॅटर्नचा कागद टेबलावर पसरलात, माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) सोडून शिलाईच्या रेषेपासून रेषेपर्यंत टेप ठेवलात, पाठीचा अर्धा भाग, पुढचा अर्धा भाग (बटणपट्टीचा एकावर एक येणारा भाग सोडून), टक्स (आकारासाठी घालायच्या चुण्या) वजा, आणि बेरीज दुप्पट. 14 चं तयार माप 40½ निघालं, म्हणजे 36 वर साडेचार इंच मोकळे. मग माझं ते जुनं, अंगाला नीट बसणारं जॅकेट आणायला लावलंत, ते बटणं लावून सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजलं, दुप्पट केलं. 42. माझी छाती 38, म्हणजे मला 4 इंच लूजमध्ये स्वेटर घालून आरामात वावरता येतं हे माझंच जॅकेट सांगत होतं, आणि मी अंदाज करत बसले होते.

आणि मुंढा! मला आजपर्यंत वाटायचं मुंढा जितका खोल तितका हात मोकळा. तुम्ही मला ते 18 चं घालून हात वर करायला लावलंत आणि काखेत बोट ठेवून दाखवलंत की मुंढा इतका खाली गेलाय म्हणूनच बाही अख्खं जॅकेट ओढून नेते. काखेच्या जवळ बसलेला मुंढा असेल तर हात एकटा वर जातो. मी अजूनही हे ज्याला सांगते तो आधी विश्वास ठेवत नाही.

सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 40, तिथे मात्र 16 लागत होता. कंबरेपर्यंत 14 ची रेष आणि तिथून खाली हळूहळू 16 ला नेऊन मिळवायची, तुम्ही ती रेष हाताने एका झटक्यात काढलीत, मी काढली तेव्हा सीटवर टेंगूळ आलं. छातीचे कमी पडणारे 2 इंच पुढच्या दोन भागांत एक-एक इंच, कागद कापून टक्सच्या जागी उघडून, खाली दुसरा कागद चिकटवून. मग आधी माप बघायला मांजरपाटाचं कच्चं जॅकेट, आत स्वेटर घालून, स्वतःला मिठी मारून बघ, खाली वाकून बघ. पाठीत ताण नाही. खांद्याची शिलाई बरोबर हाडाच्या टोकावर. मी आरशासमोरून हलेना.

बाय द वे, वेगवेगळ्या साइझमध्ये कापलेले कागदी पॅटर्न विकायची सुरुवात अमेरिकेत बटरिक नावाच्या एका शिंप्याने 1863 मध्ये केली म्हणे. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं लोक त्या तक्त्यासमोर उभे राहून माझ्यासारखे घोळ घालतायत.

पण खरे आभार त्या हिरव्या कपड्याचे. मी तर त्याची आशा सोडली होती. तुम्ही म्हणालात काजं केलीस का? नशीब, नव्हती केली. मग दोन संध्याकाळी बसून तुम्ही माझ्याबरोबर अख्खं जॅकेट उसवलंत, वाफ दिल्यावर सुईची भोकंसुद्धा बुजली, आणि 18 च्या तुकड्यांवरच 14 चा पॅटर्न बेतलात. गळा आधीच मोठा कापला गेला होता म्हणून पॅटर्न पाऊण इंच खाली सरकवला आणि खालच्या दुमडीतली माया तिथे वापरली. दुमड पाऊण इंच कमी झाली, कोणाला दिसणार आहे? तुमचे डोळे दुखत होते तरी काळ्या दोऱ्याची मागची शिलाई तुम्हीच उसवलीत, मला कात्री लावू दिली नाहीत, "घाईत कापड कापशील" म्हणून. बरोबरच होतं ते.

काल घालून बाहेर गेले. हात वर करून बॅग ठेवली, जॅकेट जागचं हललं नाही.

फक्त डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब वाटतेय, की माझा हातच तसा आहे कळत नाही. रविवारी घेऊन खाली येते, टाचण्यांची डबीही तुमच्याकडेच राहिलीय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची