शेजारच्या काकांना, चर बुजवू न दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांना वाचता येईल असं.

घरापासून मागच्या शेडपर्यंत लाईट न्यायची म्हणून दोन दिवस खपून मी चर खणला होता. खोली जेमतेम वीतभर. पाच एल्बोंचा (काटकोनी जोडांचा) पाइप चिकटवून झाला होता, फावडं हातात होतं, आणि तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, "वायर ओढून बघितली का?"

नव्हती बघितली. तिसऱ्या एल्बोला वायर ओढायची स्प्रिंग अडकली ती अडकलीच. खोटं कशाला बोलू, तेव्हा तुमचाच राग आला होता. वायर ओढायच्या दोन जागांमध्ये सगळी वळणं मिळून चार काटकोनांपेक्षा जास्त नकोत, आणि तीही लांब वळणाची हवीत, हे मला कुठलं ठाऊक! मी आपले नळाचे एल्बो आणलेले. मग झाडाचा वळसा टाळून दोन फूट खोल नवा चर, दोन्ही टोकांना एकेक मोठा बेंड, आणि पाइप एक साइज मोठा. कंबर धरली, पण वायर सरसर गेली.

खरे आभार मात्र अर्थिंगचे. घरून अर्थ वायर न नेता शेडजवळ एक सळई ठोकून भागवायचा माझा विचार होता. तुम्ही पाइपाच्या तुकड्यावरच खडूने हिशेब मांडलात. सळईचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जास्तीत जास्त २३ अँपिअर जाणार. माझा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ३२ अँपिअरचा. म्हणजे यंत्राच्या बॉडीत करंट उतरला तरी तो पडणारच नाही, आणि हात लावणारा मी! त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता तिसरी, अर्थची वायर घरापासून सोबत गेली आहे आणि घरच्या टोकाला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसला आहे.

वायरही तुम्ही बदलायला लावलीत. ३५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मीटर तांबं. अडीच स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) जाडीच्या वायरमध्ये १६ अँपिअरला जवळपास ८ व्होल्ट वाटेतच जातात, चार स्क्वेअरमध्ये ५. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट वाढतो, तेव्हा हा फरक दिवा मिचकावून दाखवतो. आमचा आता मिचकावत नाही.

जमिनीतल्या पाइपात दमट हवेचं पाणी साचतंच, म्हणून ओल सोसणारी वायर घ्या, हेही तुमचंच. सांधे नीट चिकटवले की पाइप कोरडा राहतो अशी माझी भाबडी समजूत होती.

माती अर्धी भरल्यावर तुम्ही धोक्याची पट्टी अंथरायला लावलीत, पुढे आणखी वायर ओढायची झाली तर म्हणून पाइपात एक जादा दोरीही सोडून ठेवलीत. आणि चर उघडा असतानाच भिंतीपासूनची मापं लिहून घ्यायला सांगितलीत. तो कागद मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

तुमची स्प्रिंग अजून माझ्याकडेच आहे. रविवारी घेऊन येतो.

आपला,
कुंपणाअलीकडचा