रांगेत आधी कोण?

महोदय, महाडीबीटी या शासकीय अनुदानाच्या अर्जांच्या संकेतस्थळावरील कृषी योजनांसाठी सोडत बंद करून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ देण्याच्या शासनाच्या निर्णयाविषयी हे पत्र. सोडतीतली अनिश्चितता गेली, हे चांगलेच झाले. पण ज्याला योजनाच उशिरा कळते, तो या रांगेत कायम मागे राहणार. ठिबक सिंचनासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. आमच्या वस्तीवर अनेकांना हे कळते ते पाइप विकणाऱ्या दुकानदाराकडून! शेजारच्या काकू सातबारा, आठ-अ आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन तीनदा सेवा केंद्रात गेल्या. ओटीपी जायचा पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाच्या फोनवर, आणि कामाची शिफ्ट सुरू असताना त्याला फोन घेता येत नाही. त्यातच २०२५पासून शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला आहे. तालुक्याचा लक्ष्यांक, लागणारी कागदपत्रे आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांचा (पूर्वीच्या कृषी सहायकांचा) गावात बसण्याचा वार ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लावावा, ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि अर्ज त्याच दिवशी गावातच भरून घ्यावेत.

– एक शेतकरी वाचक, जि. बीड