गूळपट्टीच्या एक्सेल टेम्प्लेटबाबत सूचना

सर्व सभासद दिवाणजींना नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या गटाच्या गूळपट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या गूळविक्रीच्या हिशोबात, तोलाईच्या (वजन करण्याच्या खर्चाच्या) सूत्रावर कुणाकडून तरी थेट आकडा टाइप झाला. ती फाइल तशीच पुढे फिरली आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकल्या. पट्टी हा शेतकऱ्याच्या घामाचा हिशोब आहे, तिथं असं पुन्हा होता कामा नये.

म्हणून येत्या रविवारी सकाळी १० वाजता शाहू मार्केट यार्डातल्या आपल्या नेहमीच्या जागी सर्वांनी लॅपटॉप घेऊन यावं. नवी टेम्प्लेट तिथंच मिळेल. तोवर जुन्या फाइलवर पट्टी काढू नये.

ज्यांनी स्वतःच्या टेम्प्लेट बनवल्यात त्यांच्यासाठी:

• एक्सेलमध्ये सगळे सेल मुळात 'लॉक्ड'च असतात, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्याचा उपयोग नसतो. आधी गुळाचे रवे (ढेपा), वजन, दर भरायचे सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबा, प्रोटेक्शनमधली लॉक्डची खूण काढा. मग रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट.

• हे कुलूप चुकून होणाऱ्या बदलांपुरतंच आहे. फाइल परक्यानं उघडूच नये असं वाटत असेल, तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुकमधून उघडण्याचाच पासवर्ड लावा. तो वहीत लिहून ठेवा; विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही.

• गूगल शीट असेल तर 'एडिटर' कुणालाही करू नका, 'व्ह्यूअर' पुरे.

भरलेली पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवताना पीडीएफच पाठवावी. टेम्प्लेट गटाबाहेर देण्याआधी सचिवांना विचारावं, ही सर्वांना कळकळीची विनंती.