बंद खिडक्यांआड लिहिलेली घटना

संपादक साहेब,

अमेरिकेची राज्यघटना म्हटलं की आपण लगेच स्वातंत्र्य वगैरे बोलायला लागतो, पण मुळात पैशाची तंगी होती हे फारसं कुणी सांगत नाही. राज्यांमधल्या आधीच्या करारात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे, दिले तर दिले, त्यात मॅसॅच्युसेट्समधे कर्जबाजारी शेतकरी बंदुका घेऊन कोर्टं बंद पाडायला लागले तेव्हा कुठे सगळे जागे झाले. मग १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला राज्यांचे ५५ प्रतिनिधी जमले, बातमी फुटू नये म्हणून खिडक्या बंद, जवळपास चार महिने नुसता घाम आणि वाद. ऱ्होड आयलंडनं तर माणूसच पाठवला नाही! छोटी राज्यं अडून बसली म्हणून सिनेटमधे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, प्रत्येकाला २ जागा, आजही विरळ वस्तीच्या वायोमिंगला २ आणि भरपूर वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही २च. प्रेसिडेंटनं व्हेटो मारला, म्हणजे संसदेनं केलेला कायदा नाकारला, तरी दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी तो उलटवू शकतात, कुणालाच मोकळं रान नाही, हे मला पटतं. पण लोकसंख्या मोजताना ५ गुलाम म्हणजे ३ माणसं, हा हिशोबही तिथेच ठरला, आणि गंमत बघा, मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही.

– एक वाचक, सोलापूर