शाळेतल्या दंततपासणीत चावाही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांचे दात पाहिले जातात, पण ते ‘आ’ करायला लावून, मुख्यतः किडीसाठी. तोंड मिटल्यावर दात एकमेकांवर कसे बसतात हे पाहायचे बहुतेकदा राहून जाते. क्रॉसबाइट नेमका तिथेच दिसतो.

एरवी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर, गालाकडे असतात. क्रॉसबाइटमध्ये त्या आत, जिभेकडे बसतात. अनेकदा एकच बाजू उलटी दिसते, पण मुळात वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो. दाढा टोकाला टोक लागतात, चावा बसत नाही, म्हणून मूल खालचा जबडा एका बाजूला सरकवून तोंड मिटते. त्या बाजूच्या, कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक मागे दबते, दुसऱ्या बाजूचे पुढे ओढले जाते. वाढीची वर्षे अशीच गेली, तर जबड्याच्या दोन बाजू असमान वाढून हनुवटी वाकडी राहू शकते.

घरी पाहायचे तर मुलाला उजेडात बसवा, दाढा मिटायला सांगा आणि चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करा. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या फटी तोंड उघडे असताना एका रेषेत असतील आणि मिटताना खालची फट बाजूला सरकत असेल, तर दंतवैद्याला दाखवा. जबडा उघडताना एका बाजूला जात असेल, किंवा मुलाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तर दोष सांध्यात असू शकतो. हनुवटीवर आपटलेल्या मुलात तर हे पाहायलाच हवे. टाके पडतात, जखम भरते, पण कानापुढचे हाड मोडल्याचे लक्षात येत नाही आणि पुढे सांधा जखडतो.

क्रॉसबाइट असला की सांधा दुखतोच असे नाही. ती भीती घालून उपचार सुचवू नयेत. लवकर उपचार करायचे ते वाढीसाठी.

‘दुधाचे दात पडू देत, मग बघू’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण हा दोष आपोआप क्वचितच जातो. कधी दुधाचा सुळा आड येतो, तेव्हा त्याचे टोक घासून भागते. एरवी सहाव्या-सातव्या वर्षी पक्की पहिली दाढ आल्यावर टाळूला स्क्रूचे साधन बसवून जबडा रुंद करता येतो. हा स्क्रू घरी छोट्या किल्लीने फिरवायचा असतो. किल्लीचा पाव फेरा म्हणजे स्क्रू साधारण 0.25 मिमी उघडतो; किती फेरे द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. किल्ली पुढून मागे पूर्ण ढकलायची आणि पुढचे भोक दिसल्यावरच काढायची, नाहीतर स्क्रू उलटा फिरतो. किल्लीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा, म्हणजे ती घशात जाणार नाही. पुढच्या दातांत फट पडली तर घाबरू नका, ती बहुधा आपसूक मिटते. दाढा जुळल्या म्हणून साधन लगेच काढू नये. हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. अंगठा चोखणे चालूच राहिले किंवा नाक बंद राहून मूल तोंडाने श्वास घेत राहिले, तर जबडा पुन्हा अरुंद होऊ शकतो. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवावे.

आरोग्य विभागाने तपासणीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत: ‘दाढा मिटून चावा पाहिला का?’ आणि ‘तोंड तीन बोटे उघडते का?’ एका मुलामागे अर्धा मिनिटही लागणार नाही.

आपले,
मुलांच्या दातांवर उपचार करणारे काही दंतवैद्य